शनिवारची प्रत

दर शनिवारी दुपारी चारला रविकांत शाळेच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायचा, तो लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि वहीत तारीख टाकायचा. खाली मी सही करायचे. सात वर्षांत एक शनिवार चुकला नाही. खंडेनवमीला त्या पेन ड्राइव्हलाही हळदकुंकू लागायचं.

तेलंगणातल्या आदिलाबादजवळची ही आमची मराठी शाळा. एकतीस वर्षं मी तिथं मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाले तरी शनिवारचं जाणं सुटलं नाही. रविकांत माझाच विद्यार्थी, आता शाळेचा कारकून. जुन्या दाखल रजिस्टरांना वाळवी लागली तेव्हा एक अख्खा उन्हाळा मी नावं वाचली आणि त्यानं ती कॉम्प्युटरमध्ये भरली. अडीच हजार मुलं. शेवटचं नाव झालं तशी मीच म्हणाले, "आता रजिस्टरं जाळून टाका, नाहीतर बाकीची कपाटंही जातील." चिंचेखाली जाळली. कागद ओलसर होते, धूर बराच वेळ राहिला.

यंदा मे महिन्यात वीज पडली आणि कॉम्प्युटर जळाला. मला काळजी वाटली नाही. प्रत होती.

जूनमध्ये बयनाबाई नातीला घेऊन आली. नात दामिनी, नर्सिंगला नंबर लागलेला. जातीच्या दाखल्यासाठी मंडल ऑफिसनं, म्हणजे इथल्या तहसील कचेरीनं, वडिलांची शाळेतली नोंद मागितली होती, सोमवारपर्यंत. वडील म्हणजे देवानंद, बयनाबाईचा मुलगा, माझ्या हाताखाली पाचवीपर्यंत शिकलेला. दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या नावाचा दुसरा जुना कागद घरात नव्हता.

"दोन मिनिटांचं काम हाय," म्हणत रविकांतनं नव्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. मग तो काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"काय झालं रे?"

"उघडून नाई राह्यलं, बाई."

तो मोटारसायकलवर आदिलाबादला कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आला. तोवर आम्ही तिघी ओट्यावर बसून होतो. परत आला तेव्हा त्यानं गाडीवरूनच मान हलवली.

"पडद्यावर ते चित्र होतं ना बाई, मी त्याचीच प्रत घेत होतो. ते दाबलं की नोंदी उघडत, म्हणून वाटलं नोंदी त्यातच हायेत. त्या आतल्या डिस्कमधी होत्या. डिस्क तर जळली."

"सातही वर्षं?"

"सगळेच शनिवार."

बयनाबाईला चित्र, डिस्क काही कळलं नसावं. तिनं एवढंच विचारलं, "मंग इतक्या वर्षांत एकदा तरी उघडून पाह्यलं का?"

रविकांत माझ्याकडं पाहू लागला. मी वहीकडं.

"आमी जवारीचं बी राखेत घालून ठेवतो," बयनाबाई म्हणाली, "तरी पेरायच्या आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून मोड येते का पाह्यतो. आमी अडाणी. तुमी काऊन नाई पाह्यलं, बाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. माझी आईसुद्धा ते फडकं चुलीजवळ तीन दिवस ठेवायची आणि सोडायचा मान मला द्यायची. मोड मोजायला मी तिथंच शिकले होते.

सोमवारी मी स्वतः मंडल ऑफिसात गेले. शाळेच्या कागदावर आठवेल ते लिहून नेलं होतं: देवानंद, जून एकोणीसशे एकोणनव्वदला पहिलीत दाखल, आईनं कडेवर आणला, पायाला काटा लागला होता. तिथल्या माणसानं कागद नीट वाचला आणि परत दिला. "आठवणीवर दाखला मिळत नाही, अम्मा."

दामिनीची जागा गेली. "पुढल्या साली पाहू," ती मला म्हणाली. मलाच धीर देत होती. पुढच्या साली तरी नोंद कुठून येणार, हे तिलाही माहीत होतं.

आता शनिवारी प्रत घेतली की रविकांत ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो. मी वाटेल ते नाव सांगते, तो काढून दाखवतो. त्यात आज शिकणारी अठराच मुलं आहेत. बाकीची जुनी नावं, वर्गात कोण कुणाशेजारी बसायचं ते आठवत, मी सांगते, तो भरतो. कुठं चालेल न चालेल, कोण जाणे. मागच्या शनिवारी एकोणनव्वद सालाशी आलो. मी देवानंदचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहिलं आणि हात तसाच ठेवून थांबला.

"पुढं, बाई?"

देवानंदच्या शेजारी कोण बसायचं, ते मला आठवेना.