कमी दाबाचा आवाज

मेल्विन दारात उभा होता. हातात काथ्याची दोरी होती, टेपरेकॉर्डर बांधून न्यायला आणलेली.

"पुष्पादी, आज ही ले जाना पड़ेगा," तो खाली बघत म्हणाला. "परसों हम लोग का जहाज़ है. जाने से पहले मशीन अंकल को लौटाना है."

"ठीक है," पुष्पा म्हणाली. "अंदर आओ."

जयंत गेल्यापासून ती सगळ्यालाच ठीक आहे म्हणत होती. जयंत तिचा धाकटा भाऊ. दिवसा खिदिरपूरच्या गोदीवर एका जहाज कंपनीत कारकून, आणि संध्याकाळी 'आयर्न जेटी' नावाच्या बँडमध्ये गाणारा. मेल्विन त्याच बँडचा गिटारवाला, दोन गल्ल्या सोडून राहणारा, आता घरच्यांबरोबर देश सोडून निघालेला. गेल्या पावसाळ्यात जयंतची कावीळ उलटली आणि बघता बघता तो गेला. तेरावं झालं आणि पुष्पा एस्प्लनेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. कानाला यंत्र लावून त्याच आवाजात "नंबर प्लीज" म्हणायला लागली. बरोबरच्या बायका म्हणाल्या, केवढी धीराची आहे. धीर कसला आलाय. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, आपलाच गाल चावला तरी कळत नाही, तशी ती झाली होती. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

बँड काही फार नावाजलेला नव्हता. स्वतःचं एकही गाणं नाही, सगळी विलायती गाणी. पण ज्यांनी ऐकला ते म्हणत, ही पोरं गाणं असं वाजवतात की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. यामागचं गुपित अगदीच घरगुती होतं. खलाशांकडून मिळालेल्या रेकॉर्डी ही मंडळी संध्याकाळी याच खोलीत ऐकायची. संध्याकाळी खिदिरपूरची वीज अशी मरतुकडी, की दिवा पिवळा पडायचा आणि तबकडी पेंगत फिरायची. पोरांना वाटलं, गाणं असंच आहे, संथ आणि जड. तसंच बसवलं. पुढे कुणाच्या तरी घरी रेडिओवर तेच गाणं खऱ्या लयीत ऐकलं, तेव्हा सगळे ओशाळले. जयंत तेवढा म्हणाला, "आपलंच बरोबर आहे. त्यांनी घाईत म्हटलंय."

आईला हा प्रकार कधीच रुचला नाही. "रेड्याच्या तोंडून वेद ऐकले होते लोकांनी," ती म्हणायची, "आमच्याकडे वेद शिकवलेल्याच्या तोंडून रेडा." जयंत हसायचा आणि आणखी खालच्या पट्टीत जाऊन तिला हाक मारायचा.

त्याच्या आवाजाचं आता एकच रीळ उरलं होतं. तेही याच मशीनवर, अशाच एका पिवळ्या संध्याकाळी, पेंगत्या वेगात भरलेलं. त्यामुळे झालं होतं असं, की वीज पूर्ण असली की रीळ भरभर फिरे आणि जयंत चिमण्या आवाजात गाई. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले, विजेचा दाब उतरला, की मगच तो जयंतसारखा गाई. पुष्पा ड्यूटीवरून येऊन त्या वेळेची वाट बघत बसायची. ते रीळ लागलं की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

"एक बार सुन लें?" पुष्पाने विचारलं. मेल्विनने मान डोलावली आणि दोरी मांडीवर ठेवली.

पण आज नेमका शहरभर बंद पुकारलेला होता. गिरण्या बंद, कारखाने बंद, ट्रामही बंद. वीज खायला कुणीच नसल्यामुळे खोलीतला दिवा लग्नघरासारखा लखलखत होता. पुष्पाने बटण दाबलं. जयंत पातळ, कोवळ्या आवाजात धावत सुटला.

मेल्विन थोडा वेळ ऐकत राहिला. "ये जय नहीं है," तो म्हणाला.

"पता है."

उद्यापासून हाही ऐकायला मिळणार नव्हता. पुष्पा उठली. कोपऱ्यातून हीटर आणला, कपाटावरून इस्त्री काढली, आणि दोन्हींचे प्लग त्याच जुनाट बोर्डात खुपसले.

"फ्यूज़ उड़ जाएगा, दीदी."

"उड़ने दो."

फ्यूज उडाला नाही. हीटरची तार लाल होत गेली तसा दिवा उतरला, आणि दिव्याबरोबर आवाजही एकेक पायरी उतरत खाली आला. जड, खरखरीत, जरा आळसावलेला. जयंत. आंघोळीला जातानाही असाच गायचा. पुष्पाला आत कुठेतरी दुखलं. इतक्या दिवसांत काहीतरी दुखलं, याचं तिला बरं वाटलं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती.

"पुष्पे, आधीचं काय होतं ते?"

"कुठलं?"

"आत्ता लागलं होतं ते. जयूचं. आवाज फुटायच्या आधीचं." "आपल्या मंडळाच्या गणपतीत गायचा, तेव्हाचा आवाज. शब्द काही कळले नाहीत मला. कुठे मिळालं तुला? हे रेड्याचं नको. ते लाव ना."

जयू गेल्यापासून आईने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ताटात वाढलेलं खायची, न वाढलेलं मागायची नाही. ते आणि हे एकच आहे, हे सांगायला फार वेळ लागला नसता.

पुष्पाने हीटरचा प्लग काढला. मग इस्त्रीचा.

दिवा लख्ख झाला. जयंतचा आवाज पायऱ्या चढत वर गेला, मिसरूड गेलं, गोदी गेली, आणि एक पोरगा गायला लागला. आई उंबऱ्यातच बसली आणि गुडघ्यावर हाताने ताल धरला. ताल चुकत होता. मेल्विन खिडकीबाहेर बघत होता.

रीळ संपलं. आईने डोळे पुसले आणि मेल्विनसाठी चहा टाकायला आत गेली. इतक्या वर्षांत तिने त्याला चहा विचारला नव्हता. चहा झाल्यावर त्याने मशीन दोरीने आवळलं, रीळ काढून पुष्पाच्या हातात दिलं, आणि खांदा तिरका करून जिना उतरून गेला.

"उद्या परत लावशील?" आई आतूनच म्हणाली.

"लावीन," पुष्पा म्हणाली.

इस्त्री अजून गरम होती. तापलेली इस्त्री वाया घालवू नये, ही आईचीच शिकवण. पुष्पाने उद्याच्या ड्यूटीची साडी पलंगावर पसरली आणि पदराकडून इस्त्री फिरवायला घेतली. निऱ्यांपर्यंत येता येता ती गार झाली. राहिलेली साडी तिने तशीच घडी घालून ठेवली.