तेराव्या मात्रेवर

टिटवी हे तिचं घरचं नाव नव्हे. चार वर्षांपूर्वी गाण्याच्या शिकवणीच्या पहिल्याच दिवशी तिनं वरचा सा लावला तेव्हा बुवा कानांवर हात ठेवून म्हणाले होते, "अगं हळू! टिटवी कुठली! शेजारी मला बिऱ्हाड बदलायला लावतील." तेव्हापासून ती टिटवी. तिला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. बुवा ज्याला नावं ठेवतात त्याला ठेवूनही घेतात, हे तिनं आधीच कुणाकडून तरी ऐकलं होतं.

बुवांची शिकवायची तऱ्हा सोपी, म्हणजे शिकणाऱ्याचा जीव काढणारी. मी गातो, तू उचल. लिहून घ्यायचं नाही, फोनवर टिपून घ्यायचं नाही आणि असं का, तसं का, हे तर मुळीच विचारायचं नाही. स्वतःचं टिपलेलं गाणंही त्यांनी उभ्या जन्मात कधी ऐकलं नव्हतं. कुणी ऐकवायला गेलं तर म्हणायचे, "आरशात बघत कुणी जेवतं का रे?" हसायला ठीक आहे हो, पण सगळी गोम इथंच होती.

आणि त्यांना अभिमान कशाचा, तर दमाचा. सोळा मात्रांचं सावकाश आवर्तन, समेपासून समेपर्यंत तान आणि मधे श्वास नाही. "मधे श्वास घ्यायचा असेल त्यानं पोहायला जावं," असं ते म्हणत. शिवाय चारचौघांत सांगून ठेवलेलं, की ज्या दिवशी माझा दम तुटेल त्या दिवशी तानपुऱ्याला खोळ घालीन, ती परत काढणार नाही. बुवा एकदा बोलले की बोलले. काळ्या दगडावरची रेघ.

टिटवीचं दुसरं टोक म्हणजे ढोल्या. नाव ढोल्या, अंगानं काडीपैलवान. तिसऱ्या मजल्यावर एका छापखान्याच्या डोक्यावर भाड्याची खोली, तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे त्याचा ड्रमसेट आणि लॅपटॉप. टिटवीचा तराणा आणि ढोल्याचे ड्रम यांची सोयरीक जमवायचा खटाटोप वर्षभर चालला होता आणि जमत काडीचं नव्हतं. "वर तानपुरा आणि खाली ढुमढुम, हे सगळेच करतात," ढोल्या डोकं धरून म्हणायचा. "आपलं असं काय आहे यात?" बुवांचं मत तर तिनं न विचारताच मिळालं होतं: "दोन भांडी शेजारी ठेवली की आवाज होतो, गाणं नाही."

मग एका दुपारी कंटाळून तिनं बुवांची एक तान जशीच्या तशी घेतली. बारा मात्रा पाण्याचा लोंढा, तेराव्या मात्रेवर एकदम गप्प, चौदाव्यावर झेप आणि धाडकन सम. ढोल्या स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला. "हे काय होतं? तेराव्यावर काय केलंस?"

"ते आमच्याकडचंच आहे," ती म्हणाली.

ढोल्यानं त्या तेराव्या मात्रेत सगळं बंद केलं. ड्रम नाही, खालची धडधड नाही, तानपुरा देखील नाही. एक मात्रा पूर्ण पोकळी, आणि मग सगळं एकदम अंगावर. अख्खा तराणा त्यांनी त्या पोकळीभोवती बांधला आणि इंटरनेटवर टाकला. आणि लोकांना तो आवडला की हो! पेपरातल्या एका जाणकारानं लिहिलं, "या मुलीला तिचं स्वतःचं मौन सापडलं आहे." ते कात्रण टिटवीनं इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

पंधरा दिवस ती हवेत होती. सोळाव्या दिवशी जमिनीवर आली, ती अशी. बुवांच्या मागे तानपुरा धरून बसणारी थोरली शिष्या बाहेरगावी गेली होती, म्हणून त्या मंगळवारी सकाळी बुवा म्हणाले, "टिटवे, आज तू मागे बस." चार वर्षं ती समोर बसत आली होती. समोरून बुवांचा चेहरा दिसे, मिटलेले डोळे, शांत. मागून तिला पाठ दिसली.

बुवांनी तीच तान घेतली. दहा, अकरा, बारा. तेराव्या मात्रेवर त्यांचे दोन्ही खांदे कानांपर्यंत वर ओढले गेले, पाठीवरचा सदरा ताणला, डाव्या हातानं सतरंजीची कड घट्ट पकडली. आणि पाणी गेलेल्या नळातून येतो तसा एक बारीक आवाज आला. मग चौदावी मात्रा, झेप, सम.

टिटवीच्या हातातला तानपुरा थांबला. ती मौनाची जागा नव्हती. झेप घेण्याआधी दबा धरणंही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला धाप लागत होती, आणि तीच धाप चार वर्षं तिनं अलंकार म्हणून उचलली होती.

"लक्ष कुठंय?" बुवा मागे न बघता म्हणाले.

तिनं तारा पुन्हा छेडल्या. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात काकू, म्हणजे बुवांची बायको, उभ्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

शिकवणी संपल्यावर काकूंनी तिला चहाच्या निमित्तानं आत ओढलं आणि नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "दिसलं ना तुला? पाच वर्षं झाली. फुप्फुसं आक्रसतायत म्हणाले डॉक्टर."

"बुवांना माहीत आहे?"

"आजार माहीत आहे. तो गाण्यात उतरलाय, ते माहीत नाही. ह्यांना वाटतं अजून एका दमात होतंय. सांगणार कोण? सांगितलं की खोळ घालतील, आणि हा माणूस उभा आहे तो गाण्यावर. गाणं थांबलं तर सहा महिने काढायचे नाहीत." काकूंचा हात तिच्या मनगटावर घट्ट होता. "थोरली गप्प आहे, मी गप्प आहे. आता तूही. शपथ आहे तुला माझी."

तेवढ्यात बाहेरून बुवांचा आवाज आला. "काय कुजबुज चाललीय? टिटवे, शनिवारी चार वाजता येतोय मी तुझ्या त्या कारखान्यात. अख्खं जग ऐकतंय म्हणे. मीच तेवढं काय घोडं मारलंय?"

काकूंनी नळ बंद केला.

आता इकडे आड, तिकडे विहीर. शनिवारी बुवा येणार, पुरुषभर उंचीच्या स्पीकरसमोर बसणार आणि स्वतःची धाप ऐकणार. ओळखली नाही तर प्रश्नच नाही. पण ओळखली तर? या पोरीनं माझ्या आजाराची नक्कल करून टाळ्या मिळवल्या, असं वाटलं तर? हे एक भय होतं, आणि ते टिटवीला परवडलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, पाय धरले असते. दुसरं भय तिला झोपू देईना. त्यांना कळलं, की तुटलेला दम आपला आहे, तर त्यांचं गाणं तिच्या हातून संपणार होतं.

शेवटी शुक्रवारी ती ढोल्याकडे धावली. "तेराव्यावरची पोकळी काढायची. शनिवारपुरती."

"वेड लागलंय का तुला? देवळातून देवच काढायचा?" ढोल्या तडकला. पण तिचा चेहरा बघून नरमला. शपथ असल्यामुळे कारण तिनं सांगितलं नाही, त्यानंही फार खोदलं नाही. "बरं बाई, गा सरळ. मी भरून काढतो."

टिटवीनं छातीभर श्वास घेतला आणि तान सोडली. दहा, अकरा, बारा. तेराव्यावर गळा बंद झाला. श्वास होता हो, चांगला पोटभर होता, अजून दहा मात्रा पुरला असता. पण कुणी आतून कडी घालावी तसा तो अडला. ती पुन्हा गायली, पुन्हा अडला. लय वाढवली, लय कमी केली, उभं राहून गायली, भिंतीला टेकून गायली. बाराव्या खेपेला तिच्या लक्षात आलं, की तिचे खांदे कानांपर्यंत वर गेलेत आणि डावी मूठ ओढणीत आवळली आहे. छाती तिची होती, पण तिच्यात बुवांचा आजार येऊन बसला होता.

"ए, तुला बरंय ना?" ढोल्यानं घाबरून विचारलं. तिनं मुठीतली ओढणी सोडवली. उद्या शनिवार होता.

चारला दहा कमी असताना बुवा आले. खुर्चीत टेकायला त्यांना वेळ लागला, आणि तोवर ते गाद्यांकडे बघून म्हणाले, "भिंतींना थंडी वाजते वाटतं?" ढोल्या खळाळून हसला. टिटवीला हसता आलं नाही. तब्येतीचं निमित्त सांगावं, वीज जावी, छापखान्याला आग लागावी, काहीही व्हावं असं तिला वाटलं. काही झालं नाही. ढोल्यानं काठ्या आपटून एक-दोन-तीन-चार केलं.

ती डोळे मिटून गायली. तेरावी मात्रा आली आणि खोली गप्प झाली. त्या एका मात्रेत तिला खालच्या यंत्रांची घरघर ऐकू आली, खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. मग झेप. सम. असं चार वेळा. संपल्यावरही तिला डोळे उघडायचं धैर्य होईना.

"हे मी शिकवलेलं नाही," बुवा म्हणाले.

तिचे डोळे खाडकन उघडले.

"अगं बघतेस काय भुतासारखी? मी शिकवलेलं नाही, म्हणजे तुझं आहे ना!" बुवा हसत होते. डोळ्यांत पाणी होतं. "ती थांबायची जागा! हे ड्रमबिम मला कळत नाही, पण ती जागा... चार वर्षं तू माझी सावली होतीस. म्हटलं, हिला स्वतःचं काही सुचणार की नाही? सुचलं! शाबास!"

सुटले बाबा, असं टिटवीला वाटलं. तेवढं वाटायलाही पुरता वेळ मिळाला नाही, कारण बुवा खुर्चीतून सरसावले आणि म्हणाले, "शिकव मला."

"नको बुवा."

"नको काय नको? शिष्याकडून घ्यायला मला लाज नाही. कितव्यावर थांबतेस? तेराव्या? धर तो तानपुरा." आणि त्यांनी तान सुरू केलीसुद्धा.

ढोल्या मांडीवर मात्रा मोजत होता. दहा. अकराव्यावर बुवांचे खांदे वर गेले, आवाज तुटला.

"अंहं, बुवा, तुम्ही दोन मात्रा आधीच थांबलात," ढोल्या म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

"असं होय?" बुवांनी पुन्हा घेतली. पुन्हा अकरावी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांब जरा. जागा बसत नाहीये. आधी आपलं नेहमीसारखं सरळ गातो, मुळीच न थांबता. मग कुठं तोडायचं ते बघू."

"बुवा, चहा घेऊ या आधी," टिटवी म्हणाली. बुवांनी ऐकलं नाही. त्यांनी डोळे मिटले, हात पसरला आणि न थांबता गायले.

"पण थांबलात की!" ढोल्या हसत म्हणाला. "परत अकराव्यावरच. बघा, तुमच्याही गळ्यात बसली ती जागा."

बुवांनी डोळे उघडले. ढोल्याकडे नाही, त्यांनी टिटवीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, आणि त्यातच तिचं चुकलं.

"तू कुठून घेतलंस हे?"

मला सुचलं, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पेपरवाला जाणकार तिच्या बाजूनं होता, काकूंची शपथ होती. पण बुवांपुढे तिनं कधी एक सूरही खोटा लावला नव्हता, आणि आता लावायला गेली तर तो लागेना.

"तुमच्याकडून."

"मी कधी शिकवलं हे?"

"रोज," टिटवी म्हणाली.

खाली यंत्रं चालू होती. बुवांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जणू खिशात काही आहे का बघावं तसा. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या काकूंना माहीत आहे?" तिनं होकारार्थी मान हलवली. "थोरलीला?" पुन्हा हलवली. "वा! म्हणजे मी एकटाच बहिरा."

"बुवा, माझं चुकलं..."

"सरळ गा. न थांबता गा."

ती गायली. तेराव्यावर गळा बंद.

"पुन्हा."

पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला तिनं त्यांच्याकडे बघितलं. बुवा चिडतील, नाहीतर खचतील, अशी तिनं मनाची तयारी केली होती. पण ते भ्यायले होते. ओठ पांढरे पडले होते आणि नजर तिच्या वर गेलेल्या खांद्यांवर खिळली होती. बुवांना घाबरलेलं तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

"मी समजत होतो, मी तुला गाणं देतोय," बुवा हळूच म्हणाले.

"पण बुवा," ढोल्याला आता कुठं थोडं थोडं उमजत होतं, "लोकांना तेच आवडलंय. ते नवीन आहे."

"नवीन? अरे, ते म्हातारपण आहे. त्याच्याइतकं जुनं काही नसतं." त्यांनी तिच्या हातातला तानपुरा घेतला, तारांवरून एकदा बोट फिरवलं आणि तो परत तिच्या मांडीवर ठेवला. "आता मी गायचो नाही."

"नाही बुवा! असं नका करू!" टिटवीला रडू फुटलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं. याच एका गोष्टीसाठी ती चार दिवस जीव मुठीत धरून होती.

"रड नंतर. माझी धाप तुझ्या गळ्यातून काढायला वेळ लागेल. तिच्या जागी तुझं असं काही सापडायला त्याहून जास्त. आणि मला ते ऐकायचंय." बुवांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "तू आलीस तेव्हा तेरावी होती ना?"

"हो."

"आज अकरावी झाली. मग घाई कर. सा लाव."

टिटवीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि सा लावला. तो कापत होता.