वर्कशॉपमागचे करंज

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या क्रांती हिवराळेला विद्यापीठाच्याच सौर प्रकल्पावर इंटर्नशिप मिळाली, तेव्हा जुईनगरच्या घरात सगळ्यांत जास्त हरखले ते तिचे वडील. शिवराम हिवराळे कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचे. जालन्याकडचं गाव सोडून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. दिवसभर लोखंडाच्या धुळीत काढणारा माणूस सोसायटीत दिसेल त्याला सांगत सुटला, "पोरगी आता सूर्यावर काम करती."

काम दिसायला साधं होतं. वर्कशॉपच्या एकमजली इमारतीवर दोन वर्षांपूर्वी पॅनेल बसवली होती. सकाळी वीज भरपूर व्हायची, दुपारी मात्र पार घसरायची. का, ते शोधून सहा आठवड्यांत अहवाल द्यायचा. मार्गदर्शक होत्या क्षिप्रा मॅडम. बाई हुशार, पण चार समित्यांत वाटल्या गेलेल्या. चालता चालता बोलायच्या आणि बोलता बोलता फोन घ्यायच्या.

डिसेंबरातल्या एका दुपारी चारच्या सुमाराला क्रांती गच्चीवर गेली. शिडी धरायला विद्यापीठाचा माळी हिरामण आला होता. साठीच्या घरातला, काटक. ज्या जमिनीवर विद्यापीठ उभं होतं, तिथे एकेकाळी त्याच्या गावाची भातशेती होती. वर्कशॉपच्या पश्चिमेला सात करंज ओळीने उभे होते, आणि त्यांची लांब सावली पॅनेलच्या मागच्या दोन रांगांवर पडली होती.

"ही झाडं कोणी लावली, काका?"

"मीच. तवा इथं नुसता मुरूम होता. टाकीवरून डोक्यावर पानी आनायचो," हिरामण म्हणाला. "तीन येला मेली, तीन येला लावली."

क्रांतीने सावलीचे फोटो काढले आणि खाली उतरली.

घरी आकडे मांडताना एक गोष्ट तिला खटकली. वीज घसरायला लागायची ती एक वाजता. आणि एक वाजता सूर्य पश्चिमेला नीट कललेलाही नसतो. करंजांची सावली तेव्हा गच्चीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. उद्या एक वाजता जाऊन बघू, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. मग मॅडमचा फोन आला.

"क्रांती, उद्या मीटिंग आहे. कारण सापडलंय ना?"

"हो मॅडम. सावली आहे झाडांची."

"फोटो आहेत?"

"आहेत."

"गुड. मग लिहून टाक."

तिने लिहून टाकलं. 'सावली देणारी झाडं हटवल्यास दुपारच्या उत्पादनात सुधारणा होईल.' फार तर फांद्या छाटतील, असं तिला वाटलं होतं. एक वाजताच्या घसरणीबद्दल तिने एक ओळही घातली नाही.

फेब्रुवारीत रीतसर परवानगी आली. करवतवाले आले आणि दोन दिवसांत सातही झाडं आडवी झाली. क्रांती लेक्चर सोडून धावत गेली, तेव्हा शेवटच्या खोडाचे तुकडे टेम्पोत चढत होते. हिरामण बाजूला उकिडवा बसला होता. त्याच्या अंगावर, केसांवर भुसा उडाला होता आणि तो झटकत नव्हता.

"काका, मला वाटलं फांद्याच..."

"तुझं नाव सांगितलं त्यांनी. कागद तुझा हाय म्हने."

तिला रडू फुटलं. हिरामणच म्हणाला, "रडू नको, बाय. तू शिकलेली, तुला कलतं. वीज तर होईल ना पोरांना? कोलसा जालायला नको. मंग झाडं कामालाच आली म्हनायचं."

मार्चमध्ये आकडे आले. दुपारची वीज वाढली नव्हती. उलट आधीपेक्षाही कमी झाली होती.

या वेळी क्रांती एक वाजता गेली. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, इन्व्हर्टर, वर्कशॉपच्या पश्चिमेला एका पत्र्याच्या केबिनमध्ये होतं. ती केबिन तिने आजवर उघडूनच पाहिली नव्हती. दार उघडताच आतली धग तोंडावर आली. यंत्र गार ठेवणारा पंखा धुळीने जाम होऊन बंद पडला होता. आत तापलं की इन्व्हर्टर जळू नये म्हणून आपणहून वीज कमी करायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. करंजांच्या गारव्यात केबिन जरा तरी थंड राहायची. आता तिच्यावर सबंध दुपारभर ऊन तापत होतं.

क्रांती तिथल्याच एका बुंध्यावर बसली. आपण डिसेंबरातच पंधरा मिनिटं काढून एक वाजता आलो असतो, तर... एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

क्षिप्रा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच फोन उलटा ठेवून.

"पंखा आजच बदलायला लावते," त्या म्हणाल्या.

"आणि अहवाल, मॅडम? मी दुरुस्त करून देते. चूक माझी आहे."

"सही माझीही आहे त्याच्यावर. झाडं परत उभी राहणार आहेत का? ऐरोलीच्या कंपनीकडे तुझं नाव पाठवलंय मी. पहिल्याच कामावर शिक्का बसवून घेऊ नकोस."

क्रांतीने काही तरी बोलायला हवं होतं. ती 'हो मॅडम' म्हणाली.

पंखा बदलला, केबिनवर हिरवी जाळी आली आणि आठवड्याभरात दुपारची वीज सुधारली. विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आलं: झाडांचा अडथळा दूर केल्याने उत्पादनात वाढ. क्रांतीला प्रमाणपत्र मिळालं. शिवरामांनी ते लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. जेवताना पाठ तिकडे येईल अशी क्रांती बसायला लागली.

एप्रिलमध्ये तिला कळलं, की वर्कशॉपकडचं बागकाम उरलं नसल्यामुळे हिरामणला मागच्या गेटवर बसवलंय. तीन दिवस ती गेटपर्यंत जाऊन परत फिरली. चौथ्या दिवशी गेली. प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला होता, अंगात ढगळ खाकी शर्ट.

"काका, मला तुम्हाला खरं सांगायचंय."

तिने सांगितलं. एक वाजताची गोष्ट, पंखा, केबिन, पत्रिकेतलं खोटं. काही लपवलं नाही. हिरामण रस्त्याकडे बघत ऐकत होता.

"म्हंजे झाडं ऱ्हायली असती तरी चाललं असतं?"

"हो."

"उगाच गेली."

"हो काका. माझ्यामुळं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"माझी बायको इचारायची, रडत का नाय तुमी," तो म्हणाला. "मी तिला सांगायचो, कामाला आली झाडं. तेवढं एक धरून होतो मी." त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता. "हे मला सांगायला नको होतंस, बाय. त्यांना सांगायला पायजे होतंस."

बाहेर टेम्पोने हॉर्न दिला. गुडघ्यावर हात टेकत हिरामण उठला आणि गेट उघडायला गेला. टेम्पो आत गेला, गेट लागलं, तरी तो तिच्याकडे वळला नाही. क्रांती थोडा वेळ उन्हात उभी राहिली, मग मॅडमच्या ऑफिसकडे न वळता लायब्ररीकडे निघाली.