भिंतीला लावलेली खुर्ची

मित्रांनो, या सलूनमध्ये शिरलात की आरशापुढे एक गुबगुबीत, चकचकीत खुर्ची दिसेल. ती मी नव्हे. मी उजवीकडे, फळीच्या भिंतीला टेकवलेली. माझा एक हात मोडला आहे, रेक्झिन तीन ठिकाणी फाटलं आहे आणि डोक्यामागची उशी कधीच हरवली आहे. वय वर्षं एकतीस.

माझं बूड एका लोहाराने केलं. त्याच्या शेजारच्या गादीवाल्याने माझ्यावर लाल रेक्झिन ताणून बसवलं आणि कडेने बेचाळीस खिळे मारले. आताच्या न्हाव्याच्या वडिलांनी मला विकत घेतलं. माझ्यावर किती माणसं बसली, याचा हिशेब नाही. लग्नाला उभे असलेले बसले, नोकरीच्या मुलाखतीला निघालेले बसले. लहान पोरांसाठी माझ्या दोन हातांवर फळी आडवी टाकायचे, आणि ती पोरं अशी भोकाड पसरायची की रस्त्यावरचे लोक आत डोकावत. "खुर्ची कसली, सिंहासन आहे हे," असं म्हातारे म्हणत. मीही फुशारून जायची.

वडील गेले तेव्हा मुलगा दुसऱ्या शहरातल्या सलूनमध्ये होता. तो चार वर्षं तिकडे एकटाच राहिला होता आणि बायको इथे. तो परतला, दुकान हाती घेतलं. हात हलका, जीभ त्याहून चपळ. लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. पाचएक वर्षांनी त्याने ती नवी खुर्ची आणली. "म्हातारीला भंगारात घाला," असं एक गिऱ्हाईक म्हणालं. "राहू दे, थांबणारे टेकतील," उस्ताद म्हणाला, आणि मला ओढत या फळीच्या भिंतीपाशी नेलं.

त्या फळीपलीकडे दोन खोल्या आहेत. तिथे उस्ताद आणि त्याची बायको राहत. दुकानात येणारे तिला वहिनी म्हणत. आरशापुढे होते तोवर मला फक्त दुकान ऐकू यायचं. फळीला लागले आणि घरही ऐकू येऊ लागलं. दुकानातला माणूस आणि घरातला माणूस एकच आहे, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या ताई दुकानात आल्या. वस्तीत त्यांचं एक काम सुरू होत होतं. घरातली मारहाण थांबवायची आणि एचआयव्हीची लागणही रोखायची, असं ते काम. त्यासाठी वस्तीतलेच सहा पुरुष शिकवून तयार करायचे होते.

"या दोन गोष्टी एकत्र कशाला?" चहावाल्याने विचारलं.

ताई म्हणाल्या, "ज्या घरात बाईला 'नको' म्हणायची भीती वाटते, त्या घरात हा आजार दार न वाजवता शिरतो. ती नवऱ्याला काळजी घ्या म्हणू शकत नाही. तपासणीला जाऊ शकत नाही. गोळ्या मिळाल्या तरी लपवाव्या लागतात."

सहा जणांत उस्तादचं नाव पहिलं होतं. बोलण्यात त्याचा हात कोण धरणार? दोन दिवस शिकून आला आणि कामाला लागला. प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं पातं तो आधीपासूनच लावायचा; आता ते लावताना बोलूही लागला. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने हा आजार होत नाही, असं समजावून सांगायचा. आरशाशेजारच्या डब्यात निरोधची पाकिटं ठेवायचा. कोणीही मागावं, कोणी विचारणार नाही.

ट्रक चालवणारा एक दादा दर आठवड्याला यायचा. तो सगळ्यांत जास्त वाद घालायचा.

"माझी बायको, माझं घर. तुला रे काय त्याचं?"

"मान हलवू नकोस दादा, वस्तरा आहे हातात."

"धमकी देतोस?"

"धमकी नाही, सोय आहे. एवढा वेळ तुला गप्प बसवणं तुझ्या आईलाही जमलं नसेल."

सगळे हसले, दादाही. महिनाभराने तो बायकोला घेऊन तपासणीला गेला. चार महिन्यांत उस्तादच्या सांगण्यावरून अकरा जण गेले. ताईंनी बैठकीत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फळीपलीकडे मात्र वहिनी काय म्हणत होती, ते मला माहीत होतं.

"तुम्ही चार वर्षं बाहेर होता. आपणही तपासून येऊ ना."

पहिल्यांदा त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा भांडं फेकल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा काय झालं ते मी सांगत नाही. दोन दिवस वहिनी दुकानात पाणी द्यायला आली नाही, आणि "ताप आहे तिला," असं उस्तादने लोकांना सांगितलं. अकरा जणांना पाठवणारा हा माणूस स्वतः एकदाही गेला नव्हता. त्याला भीती वाटत होती. भीतीची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा मार तिला बसत होता. हे कारण मी सांगते आहे. त्याच्यासाठी माफी मागत नाही.

मग तो दिवस आला. सकाळचे साडेदहा. नव्या खुर्चीत ट्रकवाला दादा, डाव्या गालाला फेस. उजवा गाल झाला होता. उस्ताद गरम पाणी आणायला आत गेला. फळीमागे वहिनीचा आवाज आला, "दुकानात सगळ्यांना सांगता, मग मला का..." आणि थप्पड. दुसरी. काहीतरी पडलं. मग उस्ताद गरम पाण्याचा मग घेऊन बाहेर आला. तोंडावर नेहमीचं हसू.

"हां दादा, मान जरा इकडे."

दादाने गळ्याभोवतीचा कपडा सोडला आणि उभा राहिला.

"अरे, अर्धी राहिलीय."

"राहू दे."

"असा जाणार रस्त्यावर? लोक हसतील."

"हसू देत. ज्या हाताने आत्ता ते केलंस, तो हात माझ्या गळ्याला नको."

आणि तो माणूस अर्ध्या दाढीने, एका गालावर फेस तसाच घेऊन, भर रस्त्यातून थेट दवाखान्यात गेला.

मला वाटलं, आता सगळे धावून येतील, आरडाओरडा होईल. तसं झालं नाही. सुट्टीच्या दिवशी उस्ताद सामान आणायला गेला असताना ताई एकट्या आल्या. वहिनी दुकानात आली आणि माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत माझ्यावर बसलेली ती पहिली बाई. तिचं वजन पंचेचाळीस किलोच्या वर नसेल.

"आमचं चुकलं," ताई म्हणाल्या. "चांगलं बोलणारा माणूस शोधला. त्याच्या घरी विचारलंच नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं."

वहिनी माझ्या फाटक्या रेक्झिनवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "विचारलं असतंत तरी मी काय सांगणार होते? आरशाशेजारचा तो डबा बघून बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई."

"आता विचारते. तुम्हाला काय हवंय?"

"दारात गर्दी नको. लोक जातील, मार मला पडेल. आधी मी बहिणीकडे राहायला जाते. मग तपासणी करते. आणि..." तिने फळीकडे बघितलं. "दुकानात ज्यांना ते शिकवतात, त्या पुरुषांसमोर त्यांनी स्वतः सांगावं. मी बोलले तर ते गाऱ्हाणं होतं."

तसंच झालं, त्याच क्रमाने. ती बहिणीकडे पोहोचल्याचा निरोप आल्यावर ताई, चहावाला आणि दादा उस्तादशी बोलले. त्याचं नाव सहा जणांतून काढलं. तो चिडला. "घरातलं घरात ठेवायला शिका," म्हणाला. आठ दिवस दुकानाचं दार अर्धंच उघडं असायचं. नवव्या दिवशी त्याने स्वतः चहावाल्याला सांगितलं, "बोलव सगळ्यांना."

नऊ पुरुष आले. एक जण माझ्यावर टेकला. उस्ताद आरशाकडे पाठ करून उभा राहिला. ज्याची जीभ कधी अडली नव्हती, त्याला पहिलं वाक्य सापडेना. शेवटी म्हणाला, "मी बायकोला मारतो. ती तपासून घेऊ म्हणाली म्हणून मारलं. मी स्वतः अजून तपासलेलं नाही."

मग माझ्यावर बसलेला म्हणाला, "अरे, एखादी चापट सगळ्याच घरात..."

"मीही हेच म्हणायचो," दादा म्हणाला. "त्या आरशापुढच्या खुर्चीत बसून. ह्यानेच मला गप्प केलं होतं. आता तू गप्प बस."

दोघांनी वेगवेगळ्या दिवशी तपासणी केली. तिच्यात काही निघालं नाही. त्याच्यात निघालं. ताईंनी त्याला सांगितलं की औषध रोज, न चुकता घेतलं तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो, आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. पण हे औषध मारणाऱ्या हातावर चालत नाही, हेही सांगितलं. त्यासाठी त्याला दर आठवड्याला वेगळ्या बैठकीला जावं लागतं. त्या दिवशी दुकान बंद असतं. काही गिऱ्हाइकं तुटली. दादा आजही दाढी दुसरीकडे करतो; इथे फक्त बोलायला येतो. आणि वस्तीतल्या कामाचा आता एक नियम झाला आहे: कोणत्याही पुरुषाला निवडण्याआधी त्याच्या घरातल्या बाईला, तो नसताना, सुरक्षित जागी विचारायचं.

मित्रांनो, मी लाकूड आणि लोखंड. वर्षानुवर्षं ऐकलं आणि गप्प राहिले, कारण मला तोंड नाही. तुमच्या भिंतीपलीकडून असा आवाज आला, तर रेडिओ मोठा करू नका. ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याला सांगा. तुमच्याच घरातून आला, तरी सांगा. तो तुमचा दोष नसतो. आणि ज्या बाईला मदत करायची आहे, तिला आधी विचारा, तिला काय हवंय. आजारी माणसाला तर दूर लोटूच नका.

परवा वहिनी कपडे न्यायला आली होती. सोबत बहीण होती. लागण कधी उशिरा दिसते, म्हणून तीन महिन्यांनी केलेली तिची दुसरी तपासणीही चांगली आली आहे. फळीपलीकडे ती पेटी भरत होती, आणि उस्ताद दारात उभा होता, आत न जाता.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

"ते मी ठरवीन. यायचं की नाही तेही. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या."

आतून पेटीची कडी लागल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं."

त्या फळीमागून मी आजवर पुष्कळ 'बरं' ऐकले होते. ते सगळे तिचे होते. हा त्याचा पहिला.