पाटी म्हणजे पाटी

आमच्या चौघांच्या रविवारच्या सायकलमंडळात कायदा एकच. परतीच्या वाटेवर लास्केर गावाची पाटी जो आधी ओलांडेल, तो पुढच्या रविवारचा रस्ता ठरवणार. चर्चा नाही, मतदान नाही. नऊ वर्षं मी या मंडळात आहे आणि एकदाही रस्ता ठरवलेला नाही. तीस वर्षं कारखान्यात बदकं सोलली आहेत, तेव्हा अंगात जोर नाही असं कुणी म्हणू नये. पण मी घाई करते. बाकीचे उतार संपल्यावर जुन्या धुण्याच्या हौदापाशी जोर लावतात, मी टेकडीच्या माथ्यावरच पेटते. मग पाटीच्या आधी श्वास संपतो आणि सगळे माझ्या बाजूने, "दमलीस का, सोलांज?" असं विचारत निघून जातात.

जिंकतो देल्मास. जमिनीची खरेदीखतं करणारा वकील, सायकल माझ्या मोटारीपेक्षा महाग. रस्ता निवडतो तोही स्वतः विकून दिलेल्या घरांवरून. "हे पॅरिसच्या डॉक्टरला दिलं. हे डच लोकांना. तलाव बघ, पोहायचा." घाम आम्ही गाळायचा आणि प्रदर्शन त्याचं. कुणी ब्र काढत नाही, कारण प्रत्येकाच्या आईबापाच्या वाटण्या त्याच्याच टेबलावर झाल्या आहेत. मी बोलते. माझ्या आईबापांनी वाटण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

त्या रविवारी मात्र मला ओनोरेसाठी जिंकायचं होतं.

ओनोरे एकोणऐंशी वर्षांचा. मला चाळिशी उलटल्यावर सायकलवर बसवलं ते यानेच. आठ दिवसांनी, सोमवारी, त्याची मुलगी त्याला उत्तरेला घेऊन जाणार होती. कायमचं. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट.

"सोलांज," तो सकाळीच म्हणाला, "मला फक्त एकदा लाटांवर जायचंय."

लाटा म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातला जुना रस्ता. बारा चढ, बारा उतार, एकामागोमाग एक. पहिल्या माथ्यावरून सुटायचं, ब्रेक दाबायचा नाही, पायडल मारायचं नाही, आणि बघायचं कितव्या लाटेवर चाक थांबतं. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय आणि सशांना मोटार म्हणजे काय ते ठाऊक नाही. ओनोरे तरुणपणी बाराच्या बारा ओलांडायचा. गेल्या पाच वर्षांत आम्ही तिकडे फिरकलोच नव्हतो.

मी देल्मासला विचारून पाहिलं. म्हटलं, "वकीलसाहेब, पुढचा रविवार म्हाताऱ्याचा शेवटचा आहे. एकदा लाटांवर जाऊ द्या की."

"तिकडे कॉफीसुद्धा मिळत नाही बाई," तो म्हणाला. "आणि नियम तो नियम. जिंक आणि घेऊन जा."

त्याचा नियम आम्हाला चांगला माहीत होता. मार्चमध्ये ओक्ताव बेकरीवाला गावाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या झाडापाशी त्याच्यापुढे होता. पाटी झाडाच्या दोन हात पुढे. त्या दोन हातांत देल्मासने त्याला गाठलं आणि वर सुनावलं, "झाडाला कोण विचारतो? पाटी म्हणजे पाटी!" तरी लांबून दिसतं ते झाडच, म्हणून सगळ्यांचे डोळे त्या झाडावर. पाटीकडे कोण बघतो, ती कुठे जाणार आहे!

दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही टेकडीच्या माथ्यावर आलो. खाली सूर्यफुलांची शेतं, लांबवर निळे डोंगर, आणि रस्ता रिकामा, धुऊन ठेवल्यासारखा. मी स्वतःला बजावत होते: थांब. हौदापर्यंत थांब. एकदा तरी शहाण्यासारखी वाग.

आणि मी सुटले.

"सोलांजबाईचं दूध आजही उतू गेलं!" ओक्ताव मागून ओरडला. देल्मासचं हसणंही ऐकू आलं. मी मान खाली घातली, नाक हँडलला टेकवलं. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, पोटात गुदगुल्या. इतकी हसू लागले की तोंडात माशी गेली. गिळली. उतार संपला, हौद आला, आणि पाय पावासारखे मऊ झाले. आधी देल्मास गेला. मग ओक्ताव गेला, "माफ कर गं!" म्हणत. देल्मासने झाडापुढे दोन्ही हात आकाशात उंचावले.

मी रडत रडत झाडापाशी पोचले तेव्हा त्याचे हात अजून वरच होते, पण तोंडाचा आ झाला होता. गवतात नुसती दोन भोकं. पाटी नव्हती.

"चोरली!" तो म्हणाला. "कार्ट्यांनी चोरली! काही बिघडत नाही. जागा तीच आहे."

तेवढ्यात मागून शीळ ऐकू आली. ओनोरे सरळ पाठीने, बाजाराला निघाल्यासारखा आला.

"साहेब," तो म्हणाला, "पाटी वर आहे. टेकडीच्या निम्म्यावर, चार नव्या घरांच्या अलीकडे. लाल काठ, कोरी करकरीत. तुम्ही तिघंही तिच्यापुढून माना खाली घालून गेलात. सगळ्यात पुढे सोलांज होती, पाऊणशे मीटर तरी."

"चार नवी घरं?" ओक्ताव म्हणाला. "ती तर तुम्हीच विकलीत ना, वकीलसाहेब? गाव वाढलं, म्हणून पंचायतीने पाटी वर नेली."

देल्मासचे कान लाल झाले. "हे बेकायदेशीर आहे. कुणाला सूचना नाही. सगळ्यांच्या मनात हीच जागा होती!"

"मनाला कोण विचारतो?" मी म्हटलं. दम लागला होता, तरी ओरडून म्हटलं. "पाटी म्हणजे काय, देल्मास?"

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने!"

"पाटी," तो पुटपुटला.

ओक्ताव हसता हसता सायकलसकट खड्ड्यात पडला.

पुढच्या रविवारी लाटांच्या पहिल्या माथ्यावर आम्ही चौघे उभे राहिलो. ओनोरेने ब्रेकवरची बोटं काढून दाखवली आणि सुटला. त्याच्यामागे आम्ही. खाली, वर, खाली, वर. प्रत्येक उतारावर पोट गळ्याशी, प्रत्येक माथ्यावर चाक जड. एक ससा आमच्याबरोबर पळाला आणि कंटाळून थांबला. चौथ्या लाटेवर ओक्ताव अडकला, सातवीवर मी. आम्ही पायडल मारत मागे निघालो, नियम बियम खड्ड्यात. नववीवर देल्मास थांबला, त्या महागड्या सायकलसकट. म्हातारा एकटा पुढे.

बाराव्या चढावर त्याचं चाक मंदावत गेलं. माथा वीतभर राहिला. पाय हलेनात, हलवायचे नव्हतेच. चाक जवळजवळ उभं राहिलं.

"वाक! पुढे वाक, म्हाताऱ्या!" ही बोंब माझी नव्हती. देल्मास माझ्या शेजारी पायडलवर उभा राहून बोंबलत होता.

ओनोरेने हनुवटी हँडलच्या पुढे काढली. चाक थरथरलं, आणि माथ्यावरून पलीकडे घरंगळलं.

आम्ही खाली पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध गवतात उताणा पडून हसत होता.

"उद्या कितीची गाडी आहे?" मी विचारलं.

"सकाळी दहाची," तो उठत म्हणाला. "अजून दिवस पडलाय. पुन्हा."

सायकल वळवणारा पहिला देल्मास होता.