तोंड येण्याचं कारण

बसवकल्याणजवळच्या मंठाळला अमृतप्पाच्या घरी सकाळच्या भाकरी चालल्या होत्या आणि त्याची लेक नागरत्ना ताटावर नुसती चुळबुळत होती. घास तोंडात घाली, डोळ्यांत पाणी आणी, उठून परसात चूळ भरी, परत येऊन बसे.

"कामून उठायलीस सारखी?" आई सिद्धव्वा करवादली.

"तोंड आलंय आई. लई झोंबायलंय."

"गरमी हाय ती. ताक पी."

गरमी! दिवाळीपासूनची ही गरमी ऐन थंडीतही उतरली नव्हती. ओठांच्या आत पांढरे फोड, हिरड्यांतून रक्त. सब्जा झाला, गुलकंद झाला, जाईचा पाला चघळून झाला. एवढे उपाय सुचले, पण दिवाळीला घरात दुसरं काय घडलं, ते कुणाला आठवेना. दिवाळीला नागरत्नाचं लग्न ठरलं होतं, सिद्धव्वाच्या धाकट्या भावाशी, वीरण्णाशी. ज्या सख्ख्या मामाच्या खांद्यावर बसून पोरीनं जत्रा पाहिली, त्याच्याशी! तिकडं कित्येक घरांत पोर जन्मली की ती मामाची, असंच धरून चालतात. नागरत्ना एकदा 'नको' म्हणाली, तर सगळे हसले. लाजली म्हणे.

हळदीला नवरी हसरी दिसावी, एवढ्यासाठी अखेर आईनं तिला बसवकल्याणला नेलं. दातांच्या डॉक्टर पंचशीलाबाईंनी तोंड नीट तपासलं, रक्त तपासायला सांगितलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला हाय का असं?"

"हाय की!" सिद्धव्वा जवळजवळ अभिमानानं म्हणाली. "आमच्या घराण्यातच हाय ते. माझ्या आईला व्हतं. मला तर लग्नाच्या वक्ताला पाणीबी गिळवत नव्हतं."

"आन आईला कवा झालतं?"

"तिलाबी लग्नातच." सिद्धव्वा जराशी थबकली.

"तुमचं दोघींचं लगीन कुणाशी झालं, मावशी?"

"मामाशीच. आमच्यात तसंच असतंय. हिचंबी तसंच करायलोय."

डॉक्टरांनी नागरत्नाकडे पाहिलं. पोरीनं मान खाली घातली.

"मावशी, मनाला घोर लागला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतंय. घडीभर वाढलं तर काय न्हाई. पण महिनोन्महिने वाढलेलंच राहिलं, तर रोगाला अडवायची ताकद बिघडतीय. मग तोंडात फोड येत्यात, हिरड्या सुजत्यात. दुसरीबी कारणं असत्यात, ती रक्तातून कळतील. मलम देते. पण हिला घोर कशाचा हाय, ते तुमी इचारा."

बसमध्ये सिद्धव्वाला धड बसवेना. पिशवी मांडीवर घेई, खाली ठेवी, पुन्हा उचली. तिच्या लग्नात तिला दुधात भाकर कुस्करून भरवली होती, पण विचारलं कुणीच नव्हतं. मंठाळला उतरल्यावर ती रस्त्यातच थांबली.

"तुला मामा नको?"

"मामा पायजे की," नागरत्ना रडू लागली. "नवरा म्हणून नको."

संध्याकाळी वीरण्णा तारीख पक्की करायला आला. चहा घेऊन सिद्धव्वा बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "वीरण्णा, हे लगीन व्हणार न्हाई."

"अक्का, चेष्टा करायलीस का?"

"न्हाई. तिच्या मनात न्हाई."

"मग माहेर इसर. ह्यो उंबरा मला मेला." वीरण्णानं कप ढकलला.

अमृतप्पा उसळून उठला. "येड लागलंय काय तुला? पोरीला काय इचारायचं असतंय?"

सिद्धव्वा नवऱ्याकडे वळली आणि लग्नाआधी ज्या नावानं हाक मारायची, त्या नावानं तिनं त्याला हाक मारली.

"मामा, माझंबी तोंड आलं व्हतं. तवा तुमी तरी मला कामून इचारलं न्हाई?"

अमृतप्पा परत खाली बसला. त्याला लाज वाटली, हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम सांगतो.

लग्न मोडलं. सिद्धव्वाचं माहेरही तुटलं, अजून तुटलेलंच आहे. त्या बाईनं लेकीसाठी केवढं गमावलं! नागरत्नाच्या रक्तात काही निघालं नाही, आणि फोड हळूहळू बरे झाले. आता ती शिकतेय, परीक्षा जवळ आली की एखादा येतो, तेवढं चालायचंच.

वाचकहो, तुमच्या घरात एखादीचं लग्न ठरलं असेल, तर पत्रिका छापायला टाकण्याआधी तिच्याजवळ जेवायला बसा. घास तिच्या गळ्याखाली उतरतोय का, तेवढं बघा.