मेकनच्या रात्रीची कॅसेट

मी एक कॅसेट आहे. माझ्या जातीच्या दोन-चार जणी तुमच्याही घरात कुठल्यातरी खोक्यात पडल्या असतील, त्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या पोटात एका रात्रीचं गाणं आहे, आणि एका जागी एक जोड आहे. गाण्याबद्दल अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जियापासून अलाबामापर्यंत पुष्कळांनी पुष्कळ बोलून ठेवलंय. जोडाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतेय.

मला ड्यूई टेटमनं विकत घेतलं. हार्लन मिल या आमच्या गावात कॅसेट मिळायची ती औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी. ड्यूई भुईमुगाच्या शेंगांचा ट्रक चालवायचा. उंच, किडकिडीत, उन्हानं मान लालभडक झालेली, आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. त्याला आणि त्याची धाकटी बहीण लोरीन हिला एकच वेड होतं, कनूची रोड नावाच्या बँडचं. आमच्याच भागातली पोरं होती ती. दोन गिटारी, एक पियानो, छातीत धडधडणारा ड्रम, आणि आवाज असा की घरामागच्या पाइनच्या झाडांतून कुणी हाक मारावी.

बँड जवळच्या मेकन शहरात येणार म्हणून ड्यूईनं दोन तिकिटं काढली. पण त्यांचे वडील बॅप्टिस्ट चर्चमधले मोठं प्रस्थ. त्यांनी लोरीनचं तिकीट काढून घेतलं.

"त्या केसाळ पोरांच्या गाण्यात सैतान नाचतो. माझ्या घरातली पोरगी तिथे जाणार नाही."

"अहो बाबा, त्यांचा ड्रमवाला तर पाद्र्याचा मुलगा आहे!" ड्यूई म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. पाद्र्यांची पोरं मी ओळखून आहे."

लोरीन मागच्या पायरीवर बसून रडली. तेव्हा ती शाळेतच होती. ड्यूईनं तिच्या डोक्यात टपली मारली. "रडतेस काय, शेंबडे? अख्खा कार्यक्रम घरी आणून देतो." आणि तो मला आणायला गेला.

त्या रात्री मी ड्यूईच्या डेनिमच्या जाकिटाखाली, टेपरेकॉर्डरात होते. त्याच्या एका बाजूला रॉइस हजिन्स, गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर काम करणारा. दुसऱ्या बाजूला ऑल्टन गेन्स, रुळांपलीकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. तिघं एकाच गोदामात पोती उचलत मोठे झालेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कनूची रोडचं शेवटचं गाणं फार लांबलचक असायचं, आणि त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबायची. चाहते त्याला 'दम' म्हणत. हजारो माणसं, पण दमात कुणी शिट्टी मारायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. नवख्याला शेजारचा आधीच कोपरानं ढोसून ठेवी. मग ड्रमचा तडाखा बसायचा, गिटारी उसळायच्या आणि सगळा हॉल ओरडायचा. बँड कधी दम लांबवी, कधी आखूड करी. कुठल्या गावात दम किती लांबला यावर आमची माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत.

मेकनला तो फार लांबला. इतका, की माझ्यावर फक्त ड्यूईच्या छातीचे ठोके उमटत होते. आणि त्या शांततेत आमचा ड्यूई, ज्याला चर्चमध्येही गप्प बसता येत नसे, गळा फाडून ओरडला, "लोरीन! ऐकतेयस ना गं?"

रॉइसनं त्याच्या पोटरीवर लाथ घातली. पुढच्या रांगांतून शिव्या आल्या. मग ड्रम पडला.

दुसऱ्या दिवशी भाऊ-बहिणीनं मला ट्रकमध्ये बसून ऐकलं, खिडक्या बंद करून, म्हणजे वडिलांच्या कानावर जायला नको. दमाची जागा आली, ड्यूई ओरडला, आणि लोरीननं त्याला बुक्क्यांनी बडवलं. "सगळ्या गाण्याची माती केलीस! तोंड बंद ठेवता येत नाही तुला?" पण ती हसत होती. मग मागे नेऊन तिनं तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा हसली.

पुढे एकदा वडील घरी नव्हते आणि रॉइस जेवायला आला असताना ती त्याला म्हणाली, "रॉइस, तू रेडिओवर टेपच्या फिती कापतोस ना? याचं हे बोंबलणं कापून टाक रे. घेऊन जा ही कॅसेट. पण दुसऱ्या कुणाला ऐकवायची नाही हं, बाबांच्या कानावर जाईल."

"कापच," ड्यूई म्हणाला. "माझ्याशिवाय गाणं किती मिळमिळीत लागतं ते कळू दे तिला."

ती थट्टा होती, हे टेबलावरच्या मक्याच्या पावालाही कळलं असतं. रॉइसला कळलं नाही. तो वाईट नव्हता, उलट फार भाबडा होता. त्याच्या लेखी दम म्हणजे प्रार्थना, आणि ड्यूईनं ती बाटवली होती. मी महिनोन्महिने त्याच्या कपाटात पडून राहिले, कारण रॉइसचं कुठलंच काम कधी झटपट झालं नाही. शेवटी एका दुपारी त्यानं माझे स्क्रू काढले, घामानं ओल्या हातांनी माझी फीत बाहेर ओढली, आणि पात्यानं वीतभर तुकडा कापला. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. मग त्यानं बारीक पट्टी चिकटवून जोड दिला. सुरेख दिला, खोटं कशाला बोलू. माझ्या मागच्या बाजूचंही तेवढं गेलं, पण तिथे बँड नुसत्या तारा जुळवत होता. कापलेला तुकडा रॉइसच्या बुटाला चिकटला आणि तो जेवायला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर बाहेर गेला. कुठे पडला, मला माहीत नाही.

त्याच शरद ऋतूत शेंगांनी भरलेला ट्रक लाकडी पुलाजवळ उलटला. ड्यूई घरी आला तो पेटीतून.

अंत्ययात्रेत मी रॉइसच्या खिशात होते. समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याकडेला थांबत होत्या. आमच्याकडे थांबतातच, मेलेला माणूस कोण, हे ठाऊक असावं लागत नाही. टोप्या काढून लोक उभे होते आणि सगळ्या रस्त्यावर आवाज नव्हता. नंतर घरात शेजारणींनी आणलेल्या भांड्यांनी टेबल भरलं. रॉइसनं लोरीनला कोपऱ्यात गाठलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. म्हणाला, "झालंय." तिला वाटलं, तो अंत्यविधीबद्दल बोलतोय. तिनं मान हलवली.

तेव्हापासून मी तिच्या बटणांच्या डब्यात राहिले. तिनं मला लावलं नाही. ड्यूईचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो होते, पण फोटो बोलत नाही. फीत जितकी वाजवावी तितकी झिजते, म्हणून तिनं मला राखून ठेवलं, जशी एखादी बाई सणासाठी डबा न फोडता ठेवते. लग्न झालं तेव्हा डबा तिच्याबरोबर गेला. नवरा वारला, मुलगी फ्लॉरिडात राहायला गेली, लोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढत राहिली. जड दिवशी ती डबा उघडायची, मला तळहातावर घ्यायची आणि म्हणायची, "असू दे. तू आहेस ना." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती ज्यावर जीव टाकत होती ते माझ्यात नव्हतंच, आणि हे मी तिला कसं सांगणार?

बँड केव्हाच मोडला होता. पण दर उन्हाळ्यात रॉइसच्या ओसरीवर जुने चाहते जमत. तळलेला कॅटफिश, उकडलेल्या शेंगा, गोडमिट्ट थंड चहा. लोरीन पिकॅन, म्हणजे आमच्याकडचे अक्रोड, घातलेला गोड 'पाय' भाजून न्यायची आणि मला पर्समध्ये घालून न्यायची. वाद दर वर्षी तेच.

"उजवीकडचा गिटारवाला खरा. डावा नुसता बोटं नाचवायचा," रॉइस म्हणायचा.

"अरे जा! डावा गेला आणि बँडचं कुंकू पुसलं गेलं," अलाबामाहून आलेला कुणी म्हणायचा.

"तुम्ही गिटारीवरून भांडा," ऑल्टन म्हणायचा. "त्यातलं अर्धं आमच्या रविवारच्या चर्चमधून उचललेलं होतं."

"उचललेलं नाही रे, शिकलेलं."

"शिकले असते तर गुरूचं नाव घेतलं असतं. ते राहिलं बाजूला, पुढे मंचावर पाठीमागे दक्षिणेचा तो जुना झेंडा टांगला. माझ्या पणजोबांना गुलाम म्हणून विकणाऱ्यांचा झेंडा. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो नाही. रेकॉर्डी मात्र फेकवल्या नाहीत, काय करू."

यावर रॉइस शेंगांची टरफलं गोळा करू लागे. मग कुणीतरी हमखास म्हणे, "लोरीनबाई, मेकनची कॅसेट एकदा ऐकवा ना. त्या रात्रीचा दम सगळ्यात लांब होता म्हणतात." आणि लोरीन पर्सवर हात ठेवून म्हणे, "अजून नाही."

रॉइस मनात थोडा खट्टू व्हायचा. त्याला वाटायचं, हिनं कधीच ऐकली असणार, पण आपल्या कामाबद्दल एक शब्द नाही.

मग लोरीनचे कान जाऊ लागले. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटा. मेकनच्या डॉक्टरनं यंत्र दिलं आणि स्पष्ट सांगितलं, उरलेलंही जाईल, यंत्राचा मग उपयोग होणार नाही. घरी येऊन तिनं डबा उघडला. मला पर्समध्ये घातलं आणि थेट रॉइसकडे गेली. ऑल्टन तिथे सोंगट्या खेळत बसला होता.

"तुझं मशीन चालतं ना अजून?" ती म्हणाली. "मेकनची लाव. कान आहेत तोवर."

रॉइसनं मला मशीनमध्ये घातलं. "अखेर! ऑल्टन, बघतोस काय, पंखा बंद कर!"

मी फिरू लागले. फीत जुनी झालेली, तरी जीव काढून गायले मी. लोरीन डोळे मिटून, यंत्राचा कान स्पीकरकडे करून बसली होती. शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. ऑल्टन आधीच हसू लागला, त्याला पुढे काय येणार ते आठवत होतं. लोरीननं खुर्चीचा हात घट्ट धरला.

ड्रम पडला.

तिनं डोळे उघडले. "मागे घे रे. माझंच लक्ष नव्हतं बहुतेक."

रॉइसनं मागे घेतलं. वाद्यं थांबली. ड्रम पडला.

"जोड कळतो का कुठे?" रॉइस खुशीत म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना, बोंबलणं काप म्हणून. इतकी वर्षं वाट बघतोय, कधी म्हणशील छान केलंस."

लोरीननं त्याच्याकडे पाहिलं. तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरात आवाज चढवायचा नाही. ती म्हणाली, "छान केलंयस, रॉइस. फार सफाईचं काम आहे." आणि पर्स शोधू लागली. पर्स तिच्या मांडीवरच होती.

"बंद कर ते," ऑल्टन म्हणाला. "रॉइस, मूर्खा, बंद कर."

तेव्हा कुठे रॉइसला तिचा चेहरा दिसला. "तू… तू ऐकलीच नव्हतीस?"

"राखून ठेवली होती."

म्हातारा रॉइस जमिनीवरच बसला. मग उठला आणि म्हणाला, "थांब, मला आठवतंय. मी शेजारीच होतो. असा ओरडला तो…" आणि फाटक्या आवाजात त्यानं हाक दिली, "लोरीन! ऐकतेयस ना गं?"

"तसं नाही," ऑल्टन म्हणाला. "तो नावाचा शेवट ओढायचा." त्यानंही हाक दिली.

"नाही रे, ओढायचा नाही तो," लोरीन म्हणाली. "तो असा…" तिनं तोंड उघडलं आणि थांबली. "कसा म्हणायचा रे तो?"

कुठल्या गावात कुठली तार तुटली हे ज्यांना पाठ होतं, त्या दोघांना सांगता आलं नाही. तिलाही नाही. मग ती रडली, अगदी मागच्या पायरीवर रडली होती तशी, आणि दोघं म्हातारे तिच्या दोन बाजूंना नुसते उभे राहिले.

आता मी लोरीनच्या स्वयंपाकघरात खिडकीशी आहे. रॉइसनं त्याचं मशीन तिला आणून दिलं. दारातच ठेवून गेला, आत आला नाही. पुढच्या रविवारी तीच त्याच्यासाठी पिकॅनचा पाय भाजून घेऊन गेली.

तिला आता काहीच ऐकू येत नाही. तरी कधी कधी दुपारी ती मला लावते आणि स्पीकरवर तळहात टेकून बसते. गाणं तिला बोटांतून कळतं. वाद्यं थांबली की हाताखालचं सगळं थांबतं, आणि त्या उरलेल्या एवढ्याशा दमात ती मोठ्यांदा म्हणते, "ऐकतेय रे, ड्यूई." जागा रॉइसनं आखूड करून ठेवलीय. तिचं वाक्य पुरतं संपत नाही तोच ड्रम पडतो.

माझी फीत झिजत आलीय आणि जोड सैल झालाय. लवकरच तिथेच तुटेन. तोवर माझं एकच मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या जुन्या कॅसेटमध्ये कुणी मध्येच ओरडलं असेल, खोकलं असेल, गाण्याची माती केली असेल, तर त्याला तिथेच राहू द्या.